न कळवलेले नाते आणि नाकारला गेलेला क्लिअरन्स

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे काम करणाऱ्या कंपनीत अभियंता, अनुवादक किंवा संगणकतज्ज्ञ म्हणून रुजू व्हायचे असेल, तर केवळ मुलाखतीत निवड होऊन भागत नाही. त्या कामात गोपनीय कागदपत्रे हाताळावी लागणार असतील, तर या माणसाला सरकारी गुपिते पाहू द्यावीत की नाहीत, हा निर्णय कंपनी घेत नाही, तो अमेरिकेचे सरकार घेते, आणि या परवानगीला सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणतात. सैनिक, सरकारी कर्मचारी आणि खासगी कंपन्यांतील नोकरदार मिळून अशी पात्रता असलेल्यांची संख्या २०१९ साली ४० लाखांहून अधिक होती. थकलेली कर्जे, अमली पदार्थ, अति मद्यपान, गुन्हेगारी पार्श्वभूमी अशा कारणांनी क्लिअरन्स नाकारला जातो, आणि ही कारणे ऐकणाऱ्याला चटकन पटतात. ज्या कारणाविषयी सर्वांत जास्त गैरसमज आढळतो ते मात्र वेगळे आहे. ते म्हणजे परदेशी व्यक्तीशी असलेले, पण सरकारला न कळवलेले नाते.

हा गैरसमज दोन बाजूंनी होतो. परदेशी माणसाशी नाते आहे असे कळले की क्लिअरन्स गेलाच, असे काहींना वाटते आणि म्हणून ते नाते लपवतात. आपण कोणावर प्रेम करतो हा आपला खासगी प्रश्न आहे, सरकारचा त्याच्याशी काय संबंध, असे इतरांना वाटते आणि म्हणून ते कळवत नाहीत. दोघेही शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात. प्रत्यक्षात परदेशी आईवडील, परदेशी पत्नी किंवा परदेशी प्रियकर असलेल्या असंख्य लोकांना क्लिअरन्स मिळतो आणि टिकतो. नाते वेळेवर सांगितले, तर चौकशी त्या दुसऱ्या व्यक्तीविषयी होते. ते लपवले, तर चौकशी तुमच्याविषयी सुरू होते, आणि ही दुसरी चौकशी निभावणे फार कठीण असते.

मराठी वाचकांसाठी हा विषय दूरचा नाही. क्लिअरन्स फक्त अमेरिकन नागरिकालाच मिळतो, त्यामुळे एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांचा उमेदवार म्हणून प्रश्न येत नाही. पण नागरिकत्व घेतलेली अनेक मराठी कुटुंबे आता तिथे आहेत, आणि व्हर्जिनिया, मेरीलँड, अलाबामातील हंट्सव्हिल, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो अशा संरक्षण उद्योगाच्या ठिकाणी तिथेच जन्मलेली त्यांची मुले नोकऱ्या शोधतात. शिवाय प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. एखाद्या अमेरिकन सहकाऱ्याच्या अर्जात ज्या परदेशी व्यक्तीचे नाव लिहायला हवे, ती व्यक्ती पुण्याहून गेलेला आपलाच कोणी भाऊ किंवा भाची असू शकते.

या व्यवस्थेचा पाया नीट समजून घेतला नाही, तर पुढचे सगळे अन्यायकारक वाटेल. फौजदारी न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते. क्लिअरन्सच्या बाबतीत नेमके उलटे आहे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ऑगस्ट १९९५ मध्ये काढलेल्या १२९६८ क्रमांकाच्या आदेशानुसार, गुपिते पाहण्याची परवानगी देणे राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताशी स्पष्टपणे सुसंगत असेल तरच ती द्यायची, आणि काही शंका उरलीच तर ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने निकालात काढायची. त्याआधी १९८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नौदल विरुद्ध ईगन या खटल्यात सांगून टाकले होते की क्लिअरन्स मिळण्याचा हक्क कोणालाही नाही. म्हणजे क्लिअरन्स नाकारणे ही शिक्षा मानली जात नाही, तो भविष्यातल्या धोक्याविषयीचा अंदाज मानला जातो. ज्याची नोकरी त्यावर अवलंबून असते त्याला हा फरक कोरडा वाटणार, यात शंका नाही. तरीही अर्ज भरताना तोच डोळ्यासमोर ठेवावा लागतो.

हा अंदाज बांधण्यासाठी १३ मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांचे सध्याचे रूप ८ जून २०१७ पासून लागू झाले. आपल्या विषयाला त्यांतली दोन लागतात. ‘बी’ हे तत्त्व परकीय प्रभावाचे आहे. उमेदवाराचे परदेशातील नातेवाईक, मित्र, जोडीदार किंवा मालमत्ता यांच्यामार्फत त्याच्यावर दबाव आणता येईल का, हे त्यात पाहिले जाते. ‘ई’ हे तत्त्व वैयक्तिक वर्तनाचे आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी खरेपणा आहे. अर्जात किंवा चौकशीत जाणूनबुजून माहिती दडवणे, खोटे बोलणे, किंवा ज्याच्या आधारे कोणी धमकावू शकेल असे वर्तन लपवून ठेवणे, हे सारे त्यात येते. न कळवलेले नाते एकाच वेळी या दोन्ही तत्त्वांत अडकते. बीमधील अडचण बाहेरच्या परिस्थितीची असते आणि ती पुराव्याने दूर करता येते, उदाहरणार्थ जोडीदार शाळेत शिक्षक आहे, त्याचा कोणत्याही सरकारशी संबंध नाही, दोघांचे घर, मुले आणि बचत अमेरिकेतच आहे, असे दाखवता येते. ईमधील अडचण दूर करायला असा कागद मिळत नाही, कारण तिथे प्रश्न असतो की तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा का.

आता अर्जाकडे वळू. स्टँडर्ड फॉर्म ८६ हा अर्ज शंभराहून अधिक पानांचा आहे आणि हल्ली तो संगणकावर भरला जातो. त्याच्या १८व्या भागात नातेवाईकांची माहिती मागतात, आणि त्यात आईवडील, सावत्र आईवडील, भावंडे, मुले, सासू, सासरे अशी ठरलेली यादी आहे. या यादीत आत्या नाही, मावशी नाही, चुलत किंवा मावस भावंडे नाहीत. मराठी घरातल्या माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते, कारण यादीत विचारले नाही म्हणजे सांगायची गरज नाही, असे तो धरून चालतो. पण त्याच्या पुढचाच १९वा भाग विचारतो की गेल्या सात वर्षांत तुमचा, तुमच्या जोडीदाराचा किंवा तुमच्याबरोबर राहणाऱ्या साथीदाराचा अशा कोणा परदेशी नागरिकाशी जवळचा किंवा सततचा संपर्क आहे का, ज्याच्याशी तुम्ही आपुलकी, प्रभाव, समान हितसंबंध किंवा बांधिलकी यांनी जोडलेले आहात; आणि १८व्या भागात न आलेले नातेवाईकही इथे लिहा, असे तिथे स्पष्ट म्हटलेले असते. ज्या मावसबहिणीशी दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, जिच्या मुलाच्या मुंजीला तुम्ही नाशिकला जाऊन आलात, ती या व्याख्येत बसते. लहानपणी कधीतरी भेटलेला आणि आता फक्त कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात सणाच्या शुभेच्छा पाठवणारा दूरचा चुलत भाऊ बहुधा बसत नाही. मधल्या सगळ्यांविषयी माणसाने स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करावा लागतो, आणि शंका असेल तिथे नाव लिहून शेवटी मोकळ्या जागेत दोन ओळी स्पष्टीकरण देणे केव्हाही बरे. जास्त नावे लिहिल्याने चौकशी लांबते हे खरे आहे, पण लांबलेली चौकशी आणि दडवल्याचा ठपका या दोन गोष्टींची तुलनाच होऊ शकत नाही.

अर्ज एकदाच भरला की काम संपले, असेही नाही. क्लिअरन्स मिळाल्यानंतर काय काय कळवत राहायचे, याचा स्वतंत्र आदेश जून २०१७ मध्ये लागू झाला. खासगी दौऱ्यावर परदेशी जायचे असेल तर आधी कळवावे लागते. परदेशी व्यक्तीशी आपुलकीचे, बांधिलकीचे किंवा शारीरिक जवळिकीचे सतत टिकणारे संबंध असतील, तर ते कळवावे लागतात. टॉप सीक्रेट या सर्वोच्च दर्जाचा क्लिअरन्स असलेल्यांची यादी आणखी लांब आहे, कारण त्यांना लग्न, एकत्र राहणारा जोडीदार, ३० दिवसांहून अधिक काळ एकाच घरात राहणारा परदेशी रूममेट, परदेशातील बँक खाते आणि मालमत्ता हेही कळवावे लागते. दुकानदाराशी, शेजाऱ्याशी किंवा एखाद्या परिषदेत भेटलेल्या व्यक्तीशी झालेला किरकोळ सार्वजनिक संपर्क कळवण्याची गरज नसते, हेही त्याच आदेशात आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त घोटाळा ‘परदेशी नागरिक’ कोणाला म्हणायचे यावरून होतो. नियमानुसार जो अमेरिकेचा नागरिक नाही तो परदेशी नागरिक. तो कुठे राहतो, किती वर्षे राहतो, इंग्रजी किती सफाईने बोलतो, कर भरतो की नाही, याला इथे महत्त्व नाही. पंधरा वर्षे न्यू जर्सीत राहून स्वतःचे घर घेतलेला ग्रीन कार्डधारक हाही परदेशी नागरिकच आहे. ‘पण तो तर इथलाच आहे’ हे वाक्य चौकशी अधिकाऱ्यांना अनेकदा ऐकावे लागत असणार, आणि बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याचा हेतू शुद्धच असतो. तरीसुद्धा प्रश्नाचे उत्तर चुकलेलेच राहते.

सरकारला हे सारे कशासाठी हवे असते, याचे उत्तर इतिहासात आहे. क्लेटन लोनट्री हा मरीन सार्जंट १९८०च्या दशकात मॉस्कोतील अमेरिकन दूतावासाच्या पहाऱ्यावर होता. स्थानिक लोकांशी जवळीक ठेवण्यास पहारेकऱ्यांना मनाई होती, पण दूतावासात काम करणाऱ्या व्हायोलेटा सेइना या रशियन तरुणीशी त्याचे प्रेमसंबंध जुळले आणि त्याने ते वरिष्ठांपासून लपवले. तिने त्याची गाठ आपल्या ‘साशा मामां’शी घालून दिली, आणि हे मामा केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संघटनेचे अधिकारी होते. पुढे व्हिएन्नात बदली झाल्यावर डिसेंबर १९८६ मध्ये त्याने स्वतःच कबुली दिली. १९८७ साली लष्करी न्यायालयाने त्याला ३० वर्षांची शिक्षा सुनावली, ती नंतर कमी होत गेली आणि १९९६ मध्ये तो सुटला. यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा साशाच्या भेटीच्या आधीचा आहे, असे मला वाटते. नाते लपवण्याचे ठरवले त्या दिवशीच तो एकटा पडला, कारण त्यानंतर जे काही घडले त्याबद्दल कोणाकडे जाऊन मदत मागायची तर आधी लपवल्याची कबुली द्यावी लागणार होती. गुप्तहेर संघटना नेमका याच अडचणीचा वापर करतात.

दुसरे उदाहरण अगदी वरच्या पातळीवरचे आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात पूर्व आशियाचे काम पाहणारे ज्येष्ठ अधिकारी डोनाल्ड कीझर यांचे तैवानच्या गुप्तचर खात्यातील एका महिला अधिकाऱ्याशी वैयक्तिक संबंध होते आणि २००३ साली त्यांनी गुपचूप तैवानला भेट दिली होती. त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला गेला नाही. डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी जे गुन्हे मान्य केले, त्यांत गोपनीय कागद घरी नेल्याबरोबरच त्या संबंधांविषयी आणि त्या प्रवासाविषयी खोटे सांगितल्याचा समावेश होता. जानेवारी २००७ मध्ये त्यांना एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली. तैवान हा अमेरिकेचा शत्रू नव्हे, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. मित्रदेशाच्या माणसाशी असलेले नाते कळवले नाही तर चालते, अशी सवलत कुठेही नाही.

अर्थात क्लिअरन्स नाकारला गेलेल्यांपैकी फारच थोडे लोनट्री किंवा कीझर यांच्या मार्गाने गेलेले असतात. बहुतेकांनी कोणतेही गुपित फोडलेले नसते. नाते लपवण्यामागची त्यांची कारणे घरगुती असतात आणि म्हणूनच ती वाचताना वाईट वाटते. विवाहबाह्य संबंध असतात, जातीबाहेरच्या किंवा धर्माबाहेरच्या प्रेमाविषयी आईवडिलांना सांगायचे राहिलेले असते, घटस्फोट अजून पूर्ण झालेला नसतो, किंवा माणूस समलिंगी असतो आणि घरी ते कोणालाही ठाऊक नसते. त्याला लाज वाटते म्हणून तो लपवतो, आणि लाज वाटणारी गोष्ट म्हणजेच धमकावण्याचे साधन, असा सरकारचा हिशेब असतो. हा हिशेब सरसकट लावला की किती माणसे चिरडली जातात, हे अमेरिकेने स्वतः पाहिले आहे. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाच्या आधारे समलिंगी कर्मचाऱ्यांना सुरक्षेचा धोका ठरवून नोकरीवरून काढले गेले. त्यांना लपून राहायला सरकारनेच भाग पाडले होते आणि मग लपून राहिल्याचाच दोष त्यांना दिला गेला. लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही, असे लिहून यायला १९९५ सालचा तो १२९६८ क्रमांकाचा आदेश यावा लागला. आज कोणाशी नाते आहे याबद्दल शिक्षा होत नाही, पण ते सरकारपासून लपवल्याबद्दल होते. हा बदल मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

लपवलेले नाते उघडकीला कसे येते, हे एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल. समजा, मेरीलँडमध्ये जन्मलेली एक अभियंता एच-१बीवर आलेल्या एका मराठी तरुणाबरोबर एकाच घरात राहते. अर्ज भरताना अजून साखरपुडा झालेला नाही, म्हणून ती १९व्या भागात ‘नाही’ असे उत्तर देते. दोन वर्षांनी दोघे लग्न करतात. ती लग्न नियमानुसार कळवते, आणि त्याच सुमारास तो ग्रीन कार्डासाठी अर्ज करतो. लग्न खोटे नाही हे स्थलांतर खात्याला पटवण्यासाठी दोघे मिळून जुना भाडेकरार, एकत्र प्रवासाची तिकिटे, तीन दिवाळ्यांचे फोटो जोडतात. हीच कागदपत्रे सांगतात की तिने अर्जावर सही केली त्या दिवशी हे नाते चांगले जुने आणि घट्ट होते. तिला कोणी पकडून दिलेले नसते. दोन सरकारी खात्यांपुढे दोन वेगळ्या गोष्टी मांडल्या गेल्या, एवढेच घडलेले असते. इतर वेळी घटस्फोटित जोडीदार, जुना घरमालक, विमानप्रवासाची नोंद किंवा काही गुप्तचर संस्थांत घेतली जाणारी पॉलिग्राफ म्हणजे खोटे पकडण्याची चाचणी यांतून गोष्ट बाहेर येते. अर्जावरील सही ही खरेपणाची हमी असते, आणि जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा संघीय गुन्हा आहे.

संरक्षण कंत्राटदारांच्या बाबतीत चौकशी डिफेन्स काउंटरइंटेलिजन्स अँड सिक्युरिटी एजन्सी ही संस्था करते. चौकशीत अडचण दिसली तर उमेदवाराला आक्षेपांचे लेखी निवेदन मिळते, ज्यात कोणत्या तत्त्वाखाली कोणता आक्षेप आहे हे क्रमवार लिहिलेले असते. त्याला २० दिवसांत शपथेवर उत्तर द्यायचे असते आणि प्रत्येक आक्षेप मान्य आहे की अमान्य, हे वेगवेगळे सांगायचे असते. त्यानंतर डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्स या कार्यालयातील न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, किंवा केवळ कागदपत्रांवर निकाल द्या, असेही म्हणता येते. वकील स्वतःच्या खर्चाने नेमावा लागतो. सैनिक, सरकारी कर्मचारी आणि गुप्तचर संस्थांतील लोक यांच्यासाठी मार्ग काहीसे वेगळे आहेत. प्रश्न नाते लपवल्याचा असेल तर सुनावणी टाळू नये, असे मला ठामपणे वाटते. विश्वासार्हता तपासायची असेल तर न्यायाधीशाने माणसाला समोर बसलेला पाहायला हवा, त्याला उलट प्रश्न विचारायला हवेत, आणि हे कागदावर होत नाही.

सुनावणीत वादग्रस्त गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारच्या वकिलावर असते. त्या सिद्ध झाल्या की त्यांचे गांभीर्य कमी का मानावे हे पटवून देण्याची जबाबदारी उमेदवाराकडे येते. माहिती गाळली गेली, एवढ्यावरून ती मुद्दाम गाळली असे ठरत नाही. प्रश्न किती स्पष्ट होता, उमेदवार किती शिकलेला आहे, हा अर्ज त्याने पूर्वी भरला होता का, इतर अडचणीच्या गोष्टी त्याने मोकळेपणाने लिहिल्या होत्या का, यावरून त्याच्या मनात त्या वेळी काय होते याचा अंदाज घेतला जातो. ज्याने आपल्या नादारीची, जुन्या अटकेची आणि परदेशातील सासऱ्यांची सविस्तर माहिती दिली आणि एका मावसभावाचे नाव राहून गेले, त्याची चूक प्रामाणिक मानली जाण्याची शक्यता मोठी असते. ज्याने दहा नातेवाईक लिहिले आणि नेमकी ज्या व्यक्तीबरोबर तो राहतो तीच वगळली, त्याला विसरलो म्हणणे कठीण जाते.

सर्वांत मोलाची सवलत मात्र वेळेची आहे. कोणी पुरावा समोर ठेवून विचारण्याच्या आधी उमेदवाराने आपणहून आणि तत्परतेने चूक दुरुस्त केली, तर ती त्याच्या बाजूने मोजली जाते, असे तत्त्वांतच लिहिलेले आहे. ‘आधी’ या शब्दावर कित्येक प्रकरणे फिरतात. चौकशी अधिकारी मुलाखतीत सुरुवातीला साधा प्रश्न विचारतो, की आणखी काही सांगायचे आहे का. त्या क्षणी सांगितलेले आणि त्याने फोटो दाखवल्यावर सांगितलेले, यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. अर्धे सांगून उरलेले दुसऱ्या मुलाखतीत कबूल करणे हे तर सर्वांत वाईट, कारण त्यात लपवण्याचा हेतू दोनदा दिसतो. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याने अमुक कळवायची गरज नाही असा सल्ला दिला होता, हे दाखवता आले तर तेही विचारात घेतले जाते, आणि म्हणून असा सल्ला ईमेलवर घेऊन जपून ठेवावा.

भारताशी असलेल्या नात्यांकडे हे न्यायाधीश कसे पाहतात, असे अनेक मराठी वाचक विचारतील. भारत लोकशाही देश आहे आणि त्याचे अमेरिकेशी संरक्षण सहकार्य आहे, याचा विचार होतो. त्याचबरोबर प्रत्येक देश आपल्या फायद्यासाठी माहिती गोळा करतो, आणि भारतातील दहशतवादी हल्ल्यांमुळे तिथल्या नातेवाईकांच्या सुरक्षेचा प्रश्न येतो, हेही पाहिले जाते. सातारला निवृत्त जीवन जगणारे आईवडील ही अडचण क्वचितच ठरते. सख्खा भाऊ डीआरडीओमध्ये शास्त्रज्ञ असेल किंवा मेहुणा सैन्यात अधिकारी असेल, तर प्रश्न जास्त विचारले जातात, पण तेही नीट सांगितलेले असेल तर उत्तर देता येते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड हे कायद्याने दुहेरी नागरिकत्व नव्हे, तो व्यवहारात आजन्म व्हिसा आहे. तरी ते असल्याचे सांगून ठेवावे. गावाकडच्या जमिनीचीही चौकशी करून घ्यावी. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आपले नाव लागले आहे, हे परदेशातल्या नातवाला कित्येकदा माहीतच नसते, आणि अर्ज मात्र परदेशातील स्थावर मालमत्तेविषयी, तसेच परदेशी नागरिकाला दिलेल्या आर्थिक मदतीविषयी स्पष्टपणे विचारतो. आईला दरमहा पैसे पाठवणे यात गैर काहीच नाही. ते लिहायचे राहून गेले, तर मात्र विनाकारण प्रश्न निर्माण होतो.

नियम पाळणाऱ्यालाही ही व्यवस्था नेहमी न्याय देते, असे मी म्हणणार नाही. विल्यम ग्रीन हे विमान उद्योगातील एका कंपनीचे उपाध्यक्ष आणि सरव्यवस्थापक होते. त्यांची पहिली पत्नी कम्युनिस्ट विचारांची होती आणि त्यांचा सोव्हिएत दूतावासातील लोकांशी संपर्क होता, अशा आरोपांवरून १९५३ साली त्यांचा क्लिअरन्स काढून घेण्यात आला. पत्नीशी त्यांचा घटस्फोट होऊन काही वर्षे झाली होती, आणि दूतावासातील भेटी कंपनीचा माल विकण्यासाठी होत्या, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांनीही सांगितले. पण ज्यांच्या जबाबांवर निर्णय झाला त्यांना उलट प्रश्न विचारण्याची संधी ग्रीन यांना मिळालीच नाही, नोकरी गेली आणि आपल्या क्षेत्रात दुसरी मिळेना. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्राध्यक्षांनी किंवा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय अशी पद्धत वापरता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर १९६० साली आयझेनहॉवर यांनी १०८६५ क्रमांकाचा आदेश काढला, आणि कंत्राटी नोकरदारांना आज मिळणारे लेखी आक्षेप आणि सुनावणी हे त्या आदेशाचे फळ आहे.

आजही ज्याचे सारे नातेवाईक अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात आहेत त्याचा अर्ज दोन ओळींत संपतो, आणि ज्याचे नातेवाईक कोल्हापूर, दुबई आणि टोरांटोत विखुरले आहेत त्याला पानेच्या पाने भरावी लागतात. चूक होण्याची शक्यता तितक्याच पटीने वाढते. ‘आपुलकीने जोडलेले’ हे मोजमाप एकेका माणसाच्या मनावर सोडलेले आहे, आणि ज्या समाजात शेजारच्या काकूही घरच्याच असतात तिथल्या माणसाला ते लावणे अवघड आहे. अर्जातच चुलत आणि मावस नात्यांची उदाहरणे द्यावीत, ग्रीन कार्डधारक हा परदेशी नागरिक धरला जातो असे ठळक लिहावे, एवढ्याने कितीतरी प्रामाणिक चुका टळतील.

क्लिअरन्स नाकारला गेला तर कंत्राटी कर्मचाऱ्याला अपील मंडळाकडे जाता येते, पण तिथे नवे पुरावे घेतले जात नाहीत. आधीच्या न्यायाधीशाच्या निर्णयात कायद्याची किंवा तथ्यांची चूक झाली का, एवढेच मंडळ पाहते. निर्णय कायम राहिला, तर प्रतिकूल निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षाने पुन्हा विचार करण्याची विनंती करता येते. ती करायची असेल, तर मधल्या वर्षात प्रत्येक परदेशी संपर्काची तारीखवार नोंद ठेवावी, पहिल्या अर्जातील प्रत्येक चुकीचे उत्तर स्वतःहून लेखी दुरुस्त करावे, आणि ज्यांच्यापासून ते नाते लपवले होते त्या घरच्या माणसांनाही ते सांगून टाकावे. आता हे सर्वांना माहीत आहे आणि त्यावरून मला कोणी धमकावू शकत नाही, हे त्यांच्या सहीच्या पत्राने दाखवता येते, आणि सुनावणी घेणारे कार्यालय अशी पत्रे पुरावा म्हणून स्वीकारते. नावे वगळून प्रसिद्ध केलेले त्याचे जुने निकालही सर्वांसाठी खुले आहेत, आणि आपल्यासारख्या प्रकरणात न्यायाधीशाने कोणते प्रश्न विचारले हे त्यांत वाचायला मिळते.